पुरवून वापरलेलं पाणी

त्या साली होळीच्या आधीच लातुरातले नळ बंद झाले. आधी आठ दिवसांनी येणारं पाणी पंधरा दिवसांवर गेलं, मग महिन्यावर गेलं, आणि नंतर नळ कधी येणार हे एकमेकांना विचारायचंही लोकांनी सोडून दिलं. औसा रोडच्या मागं, जिथं पूर्वी ज्वारीची रानं होती आणि आता प्लॉट पाडून घरं उठली होती, तिथं गल्लीच्या तोंडाशी टँकर लागला की झुंबड उडायची. घागरीला घागर लागून भांडणं व्हायची, बाया एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. त्या भांडणात धोंडाबाई कधी दिसली नाही. ती रांगेत गप उभी राहायची, वाट्याला येईल तेवढं घेऊन यायची आणि दार लोटून घ्यायची. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, या बाईच्या घरचं पाणी संपतच कसं नाही?

संपत नव्हतं हे खरं होतं. तिच्या पत्र्याच्या पडवीत चार निळे ड्रम ओळीनं मांडलेले होते आणि चारही काठोकाठ भरलेले असायचे. पाचवा रोजच्या वापराचा. येता-जाता धोंडाबाई बोटाच्या पेरानं एकेकावर टकटक करायची. भरलेला ड्रम मुका असतो. पाचवा रिकामा होत आला की पोकळ वाजायचा, आणि तो आवाज आला की तिच्या तोंडाला कोरड पडायची. मग ती हातातलं काम टाकून घागर उचलायची आणि टँकर आला नसला तरी गल्लीच्या तोंडाशी जाऊन बसायची.

घर चार माणसांचं. नवरा अण्णाराव, मुलगा बालाजी आणि सून पुनम. गावाकडचं रान बटईनं लावून बालाजीनं तीन वर्षांमागं आईबापाला लातूरला आणलं होतं. क्लासच्या लेकरांची गर्दी वाढली तशी जेवणाच्या डब्यांची मागणी वाढली होती. देवणी, अहमदपूर, देगलूर, कुठकुठून पोरंपोरी डॉक्टर व्हायला यायची आणि एकेका खोलीत चौघंचौघं राहायची. बालाजीनं साठ डबे धरले. पहाटे पुनम पोळ्या लाटायला बसायची, अण्णाराव खाली मान घालून भाजी चिरायचा, बालाजी डबे पिशव्यांत भरून मोटारसायकलला दोन्ही अंगांनी लटकवायचा. दुपारी उष्टे डबे परत आले की ते घासायचं काम धोंडाबाईचं.

साठ डबे तीन बादल्यांत धुणं सोपं नव्हतं. आधी ती एकेक डबा उलटा करून उष्टं काढायची. भात-भाजी शेळीच्या टोपल्यात, पोळ्यांचे तुकडे पत्र्यावर वाळायला. काही पोरं पोळीला हातही न लावता डबा परत पाठवायची. ती पोळी हातात धरून धोंडाबाई क्षणभर बसून राहायची. मग राख आणि नारळाची शेंडी घेऊन डबा कोरडाच घासायचा, जुन्या धडप्यानं पुसायचा आणि एकामागून एक तिन्ही बादल्यांतून काढायचा. पहिलीचं पाणी राखाडी, दुसरीचं गढूळ, तिसरीचं नितळ. शेवटी पहिलीचं पाणी संडासात जायचं, दुसरी पहिलीच्या जागी सरकायची, तिसरी दुसरीच्या. दुसऱ्या दिवशी नवी एकच बादली लागायची. तिची बोटं राखेनं भेगाळली होती आणि भेगांत काळं बसलं होतं ते कशानं निघत नव्हतं.

तिच्या हाताखाली काहीच वाया जात नसे. डाळ एक उकळी आली की गॅस बंद व्हायचा आणि पातेलं गोधडीत गुंडाळलं जायचं. आतल्या आत शिजायची. तांदळाचं धुवण वरणात, भाजी धुतलेलं पाणी शेळीला, दोडक्याच्या शिरांची चटणी. दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत असायच्या. आंघोळ घमेल्यात बसून करायची आणि त्या पाण्यानं फरशी पुसायची. पंख्याचं बटण तिनं चिंधीनं बांधून टाकलं होतं. पाहुणा आला तरच चिंधी सुटायची. माणूस खोलीतून उठलं की मागोमाग दिवा विझायचा. बालाजी आधी मित्रांत मिरवायचा की माझी माय साठ डबे तीन बादल्यांत काढती. भावकीतल्या बाया आपल्या सुनांना तिचं उदाहरण द्यायच्या. पुरवून वापरावं ते धोंडाबाईनं, असं म्हणायच्या. ते ऐकलं की धोंडाबाई उठून आत जायची. लोकांना तो तिचा लाजाळूपणा वाटायचा.

त्या घरात भूकंपाचं नाव निघत नसे. तेरणाकाठचं त्यांचं गाव किल्लारीच्या भूकंपात त्र्याण्णव साली गेलं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या रात्री अण्णाराव पाच वर्षांच्या बालाजीला घेऊन रानात राखणीला गेला होता म्हणून दोघं वाचले. धोंडाबाई घराखाली गाडली गेली आणि दिवस मावळताना जिवंत निघाली. तिच्याजवळ निजलेली तीन वर्षांची शिवकन्या निघाली नाही. पुनमला हे लग्नाआधी कुणीतरी दोन वाक्यांत सांगितलं होतं, तेवढंच. घरात त्या पोरीचा फोटोही नव्हता.

पण ती पोरगी घरात होती. दुपारी तीनच्या सुमाराला गल्ली निपचित पडलेली असायची, पत्रा तापून कडकड वाजायचा, आणि अंगणातल्या नळाच्या कोरड्या तोटीतून हवा सुस्कारायची. त्या सुस्काऱ्यात धोंडाबाईला स्वच्छ ऐकू यायचं: माय, पाणी. ती डबा खाली ठेवून उठायची आणि तोटीवर तळवा दाबून उभी राहायची. तळव्याला आतला गार श्वास लागायचा. त्या हाकेला ती भ्यायची नाही. हाक थांबली की मात्र ती ड्रमांपाशी जाऊन एकेकाचं झाकण उघडून आत बघायची. पाण्यात तिचं तोंड दिसायचं, दुसरं काही दिसायचं नाही.

पुनम नायगावची. माहेरी दारात विहीर, विहिरीवर मोटार. कळशी कमरेवर घेऊन अंगणात हुंदडत वाढलेली पोरगी. लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात तिनं विचारलं होतं की हे चार ड्रम कधी वापरायचे. धोंडाबाई म्हणाली, "असू दे. पुढं लागंल." पुढं म्हणजे कधी, ते तिनं सांगितलं नाही आणि पुनमनं परत विचारलं नाही.

यंदा पुनमला पाचवा महिना होता. चैत्राच्या उन्हात दोन शेगड्यांमध्ये बसून ती पोळ्या लाटायची. घाम कपाळावरून नाकावर, नाकावरून हनुवटीवर यायचा आणि तो पिठात पडू नये म्हणून ती खांद्याला तोंड पुसायची. पाणी आटलं तसं धोंडाबाईनं घरात माप लावलं होतं. सकाळी माणशी एक चरवी पिण्याला, दुपारनंतर एक. आंघोळ एक दिवसाआड. संडासाला एक डबा. माप सगळ्यांना सारखंच होतं, स्वतःला तर धोंडाबाईनं अर्धंच लावून घेतलं होतं, म्हणून कुणाला काही बोलता येत नव्हतं.

एकदा पुनमनं डोकं धुतलं. पीठ आणि घाम बसून केसांच्या जटा झाल्या होत्या. तिनं दुसरी बादली घेतली. नेमकी त्याच वेळी शेजारची हुमा अंगणात आली होती. हुमाच्या घरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या लातुरातली. नवरा तय्यब पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. न्हाणीतून दुसऱ्या बादलीचा आवाज आला तसं धोंडाबाई दाराकडं बघून मोठ्यानं म्हणाली, "नायगावाहून गोदावरी घिऊन आली जणू."

आत पाण्याचा आवाज थांबला. पुनम बाहेर आली तेव्हा तिच्या केसांत साबणाचा फेस तसाच होता. हुमानं तिच्याकडं बघितलं नाही. माझ्या घरी चल, घागरभर देते, असं ती हळूच म्हणाली. पण पुनमनं मान हलवली आणि केस तसेच बांधून पोळपाटाशी जाऊन बसली.

त्या दिवसापासून पुनमचं पाणीच कमी झालं. संडासाला गेलं की डबाभर पाणी जातं, आणि डब्याचा आवाज सासूला ऐकू जातो. पाणी प्यालं नाही तर जावं लागत नाही. हे तिनं कुणाला सांगितलं नाही, पण तिच्या चरवीत संध्याकाळी अर्धं पाणी उरलेलं असायचं. धोंडाबाई ते उरलेलं पाणी परत माठात ओतायची. एकदा ती बालाजीला म्हणाली की तुझी बायको आता घरच्या वळणाला लागली. तिच्या बोलण्यात कौतुक होतं.

एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी येऊन राहिलं अशी गल्लीत बोलवा झाली. पोरं पाण्याच्या वाघिणी बघायला स्टेशनवर गेली. क्लासवाल्यांनी लेकरांना लवकर घरी धाडलं, साठ डब्यांचे तीस झाले, तिसाचे बावीस. काम कमी झालं तरी पुनमचा चेहरा उतरत गेला. ओठ फाटले. कमरेत दुखतं म्हणाली, तर अण्णारावनं तिला बसायला जुनं पोतं गुंडाळून दिलं. पाचव्या महिन्यात कंबर दुखायचीच, असं धोंडाबाई म्हणाली. आपल्या दोन्ही खेपांना तिनं रानात खुरपलं होतं.

एका सकाळी आठाच्या सुमाराला बालाजी डबे घेऊन गेला आणि पुनमला थंडी भरली. अंगावर ऊन येऊन राहिलं होतं, शेगडी पेटलेली होती, आणि तिचे दात वाजत होते. धोंडाबाईनं गोधडी टाकली. पुनम भिंतीला धरून उठली, दोन पावलं चालली आणि न्हाणीच्या उंबऱ्यात कोसळली. तिच्या परकरावर डाग होता. धोंडाबाईला वाटलं पोटातलं गेलं. तिनं खाली बसून सुनेचं डोकं मांडीवर घेतलं. पुनमचे डोळे अर्धे मिटले होते, जीभ कोरडी खरखरीत होऊन टाळूला चिकटली होती, आणि तशा जिभेनं ती म्हणाली, "आत्याबाई, पाणी."

धोंडाबाईच्या उजव्या हाताशी पाचवा ड्रम होता. हात लांबवला की तपेलीच. तिचा हात हलला नाही. हात हलत का नाही हे तिला कळेना. ती नुसती म्हणत राहिली, थांब, थांब गं, थांब. अण्णारावनं पळत येऊन तपेली भरली आणि सुनेच्या तोंडाला लावली. मग तो हुमाच्या दाराशी गेला. तय्यबनं रिक्षा आणली, हुमानं पुनमला उचलून आत घेतलं, आणि धोंडाबाई पायात चप्पल न घालता मागं बसली.

दवाखान्यातली डॉक्टरीणबाई तरुण होती. तिनं पोट तपासलं, बाळाचे ठोके ऐकले. बाळ आहे, म्हणाली. मग लघवी तपासायला पाठवली, आणि कागद आला तसा तिचा चेहरा बदलला. मूत्रपिंडाला सूज होती, ताप त्याचाच होता. आणखी दोन दिवस घरी राहिली असती तर दोघांचंही सांगता आलं नसतं, असं ती म्हणाली. मग तिनं धोंडाबाईकडं वळून विचारलं, "ही पाणी पीत नाही का? घरात पाणी नाही का तुमच्या?"

"हाय," धोंडाबाई म्हणाली. "चार ड्रम भरलेले हायत."

डॉक्टरीणबाई तिच्याकडं बघत राहिली. कागदावर लिहून पुढच्या खाटेकडं गेली. बालाजी तेवढ्यात येऊन पोचला होता आणि दारात उभा होता. त्यानं ते ऐकलं.

वॉर्डात बारा खाटा होत्या. पुनमच्या हाताला सलाईन लावलं. धोंडाबाई खाटेशेजारी जमिनीवर बसली. वर टांगलेल्या बाटलीतून नळीत थेंब पडत होता. एक पडला की दुसरा थांबून राहायचा, फुगायचा, मग पडायचा. ती त्या थेंबाकडं बघत बसली. बालाजीनं चहा आणून दिला, तिनं तो तसाच ठेवला. दुपारी तीन वाजता वॉर्ड शांत झाला, आणि तिनं कान दिला. नळाची तोटी इथं नव्हती. हाक आली नाही. तिनं पुन्हा कान दिला. नुसता थेंब पडत होता, आणि त्याचा आवाज होत नव्हता.

तिनं खाटेचा लोखंडी पाय धरला. पुनमनं डोळे उघडले होते. ताप थोडा उतरला होता. सासूचा चेहरा बघून तिनं विचारलं की काय होतंय. धोंडाबाईनं इकडंतिकडं बघितलं आणि तिच्याकडं तोंड न करता, खाटेच्या पायाशी बोलावं तशी बोलायला लागली.

"शिवकन्या माझ्या डाव्या अंगाला व्हती. तुळई आडवी आली म्हणून आमी दोघी जित्त्या राहिलो. तिचा पाय दगडाखाली. माझा एकच हात हलत व्हता. उशाला तांब्या व्हता, वर फुलपात्र. एवढं माळवद खाली आलं आन तांब्या सांडला न्हाई. ती पाणी मागायची. म्या फुलपात्रात घोटभर घ्यायची आन तिला पाजायची. एकच घोट. म्हनायची, थांब गं मायं, पुरवायचं हाय, बाप येईस्तोर पुरवायचं हाय. वर माणसं बोललेली ऐकू येत व्हती. आज काढत्याल का उद्या, कुणाला ठावं. ती मागायची, म्या थांब म्हनायची. मग मागायची थांबली."

तिनं पदरानं तोंड पुसलं.

"म्या म्हनलं, निजली. बरं झालं, पाणी वाचलं. आसं म्या मनात म्हनलं, पुनम. आन हात लावून बघितलं तर ती गार व्हती. पोरगी तहानेली गेली आन तांब्यात आर्धं पाणी उरलं."

वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला कुणाचं तरी मूल रडलं आणि गप झालं. पुनम वर बघत पडून राहिली. तिच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी कानाकडं वाहत गेलं. तिला राग होता, आणि तो गेला नव्हता. साबण भरलेल्या केसांनी पोळपाटाशी बसल्याचं ती विसरली नव्हती. पण तिनं सलाईन नसलेला हात पुढं केला.

"आत्याबाई," ती म्हणाली, "मला पाणी द्या. गिलास भरून द्या."

धोंडाबाई उठली. गुडघे धरून उठली. बाटलीतलं पाणी तिनं ग्लासात ओतलं, काठापर्यंत ओतलं, आणि सुनेच्या मानेखाली हात घालून तिला पाजलं. पुनम सगळं पाणी एका दमात प्याली आणि तिनं ग्लास परत पुढं केला. धोंडाबाईनं परत भरला.

सहाव्या दिवशी पुनमला घरी सोडलं. बाळ सुखरूप होतं. नायगावाहून तिचे वडील नरसिंगराव आले होते. चांगला शांत माणूस. व्याह्याला किंवा विहिणीला ते एका शब्दानं बोलले नाहीत, फक्त म्हणाले की लेकीला आता बाळंतपणापर्यंत आमच्याकडंच राहू द्या. उन्हाला आडोसा म्हणून आंब्याच्या डहाळ्या आणि पाण्याची मोठी बाटली घेऊन ते गाडीत बसले. जाताना पुनम सासूच्या पाया पडली. धोंडाबाईला तिला काहीतरी सांगायचं होतं. "पीत जा," एवढंच ती म्हणाली.

बालाजीनं दवाखान्यापासून आईशी बोलणं टाकलं होतं. जेवायला वाढलं तर जेवायचा, डबे घेऊन जायचा, परत यायचा. पुनम गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो पडवीत आला. धोंडाबाई भाजी निवडत होती. त्यानं पहिल्या ड्रमचं झाकण काढलं, बादली बुडवून भरली, अंगणात नेली आणि उपडी केली. धोंडाबाई उभी राहिली. त्यानं दुसरी बादली भरली आणि तीही उपडी केली. पाणी तापलेल्या मातीवर पसरलं, धुळीचे गोळे होऊन पुढं वाहिले, उंबऱ्याशी येऊन थबकले.

"एवढं भरून ठिवलंस, माय," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "कुणासाठी ठिवलंस? माझं लेकरू पोटात सुकत व्हतं, आन तू ड्रमावर टकटक करून राहिली."

त्यानं तिसरी बादली भरली, पण ती ओतली नाही. ती ड्रमाशेजारी ठेवली आणि मोटारसायकल घेऊन निघून गेला.

गाडीचा आवाज गेला तशी धोंडाबाई आत गेली आणि डबे पुसायचा धडपा घेऊन आली. अंगणात गुडघे टेकून तिनं धडपा पाण्यावर पसरला, मुरू दिला, उचलला, रिकाम्या बादलीत पिळला, परत पसरला. चिखलाचं पाणी तिच्या कोपरांवरून ओघळत होतं. हात भराभर चालत होते, कारण माती पाणी गिळत होती. कुणी बघतंय का हे तिनं बघितलं नाही.

अण्णाराव शेळीपाशी उभा होता. तो आला आणि तिच्यासमोर मातीत बसला. धडप्याचं दुसरं टोक त्यानं धरलं आणि दोघांनी मिळून तो पिळला. दोन-तीनदा पिळला. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, घरात दिवसभरात चार शब्द बोलणारा. त्याचे हात थांबले.

"त्या दुपारी म्या दवाखान्यात आलो, दाराशी व्हतो," तो म्हणाला. "तू पुनमला सांगून राहिली व्हती. ऐकलं."

धोंडाबाई धडप्याचं आपलं टोक पिळत राहिली.

"त्या दिवशी तुला काढलं, मग पोरीला काढलं. तिला खाटेवर ठिवलं. लोकांनी चादर टाकली. आन म्या परत त्या खड्ड्यात उतरलो. कशाला उतरलो काय की. सकाळपासून दगड उचलून राहिलो व्हतो, नखं निघाली व्हती, घशात नुसती माती. खाली बघितलं तर तांब्या. हुबा. आर्धा भरलेला." धडपा त्याच्या हातातून गळत होता. "म्या बसून प्यालो. सगळा प्यालो. वर पोरगी चादरीखाली, आन तिचा बाप खड्ड्यात बसून पाणी पिऊन राहिला. तेवीस वर्षं कुणाला सांगितलं न्हाई. आन ते तिच्या वाट्याचं व्हतं, हे मला दवाखान्यात कळलं."

धोंडाबाई त्याच्याकडं बघत राहिली. त्याची दाढी वाढली होती आणि तिच्यात चिखलाचा एक शिंतोडा बसला होता. त्या तांब्याचं पुढं काय झालं हे तिला आजवर कधी कळलं नव्हतं. कुणाच्या तरी पायानं तो लवंडला असेल, असं ती धरून चालली होती. दगडांत सांडला, मुरला, कुणाच्याच तोंडी न लागता गेला, हेच तिच्या डोळ्यांपुढं रोज येत होतं.

"सगळं प्यालात?" तिनं विचारलं.

"सगळं. माती व्हती त्याच्यात." "गोड लागलं."

शेळीनं टोपल्यात तोंड घातलं आणि टोपलं फरशीवर घासलं. ऊन पडवीच्या पत्र्यावर चढत होतं.

"मग वाया न्हाई गेलं," धोंडाबाई म्हणाली.

अण्णारावचा चेहरा एकदम आक्रसला आणि त्यानं चिखलाच्या हातांनी तो झाकून घेतला. ती त्याच्याजवळ सरकली नाही, त्याला गप राहा म्हणाली नाही. त्याचं रडणं आटोपेपर्यंत समोर बसून राहिली. मग तिनं त्याच्या मांडीवरचा धडपा उचलला आणि न पिळता दोरीवर टाकला. त्यातून पाणी ठिबकत राहिलं. अंगणातली ओल तिनं तशीच राहू दिली, आणि भाजीची परात ओढून घेऊन ती कामाला लागली, कारण बावीस डबे अजून भरायचे होते.